मंगळवारचं तेल

अशोक चौकात दुसऱ्या मजल्यावर माझी खोली.
खाली खळीचा वास, समोरच्या बोळात यंत्रमाग.
खटखट इतकी सवयीची
की लाइट गेली की दचकायला होतं.

पंचवीस वर्षं मी विड्या वळल्या.
दिवसाला हजार. पान फाटू न देता
किती भरायचं, कुठं दुमडायचं,
हे बोटांना माझ्याआधी कळायचं.
कारखान्यात मोजणारा काही विड्या बाजूला टाकायचा,
छाट. त्यांचे पैसे नाहीत.
मग गुडघे गेले, आणि हत्तुरे डॉक्टरीणबाईंनी
मालिश शिकायला धाडलं.
हात तर शाबूत आहेत, म्हणाल्या.

स्रवंती आली ती मे महिन्यात.
बाहेर डांबर मऊ झालेलं,
आणि हिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर.
गड्डमांची थोरली. बापाचे चार माग, टॉवेलचे.
वजन बाईंच्या वहीत. मला सांगत नाहीत, मी विचारत नाही.
बुधवारी आहाराच्या मॅडम, शुक्रवारी बोलायचे सर,
मंगळवारी मी.
बाई म्हणाल्या, नरसम्मा, तू औषध नाहीस.
तू औषधाशेजारचं स्टूल.
बरं. स्टूल तर स्टूल.

एकच अट घातली त्यांनी:
आली की *ते* विचारायचं नाही.

आता आमच्या गावात ते न विचारता
माणूस माणसाला भेटतं कसं?
जेवलीस का? तिन्नावा? ऊटा आयता?
तीन भाषा, दार एकच.
मी दारात उभी, तोंड उघडं,
आणि म्हणाले, जिन्यात मांजर दिसलं का गं?
दिसलं, म्हणाली.

वाटीतलं करडईचं तेल बघून
ती भिंतीला टेकली.
कातडीतून आत जातं का हे?
मी हसले नाही. बाईंना विचारून आले.
तसं जात नाही. तिला पटलं नाही.
मग सहा मंगळवार कोरडेच हात,
तिच्याच बापाच्या मागावरच्या टॉवेलवरून,
नुसती पावलं.
तिनं करंगळी उचलली की थांबायचं.
खूपदा उचलायची.
कधी कधी, मी खरंच थांबते का
तेवढंच बघायला.

सातव्याला म्हणाली, पाठ.
पाठीवर बारीक लव होती,
मागाखाली साठतो तसा सुताचा कोंडा.
शरीरानं स्वतःच विणायला घेतलेलं,
कुणी पांघरूण देईना म्हणून.
मणके मोजता आले असते. मोजले नाहीत.
आयुष्यभर मोजलंय मी.
इथं छाट नसते, असं मनात म्हणाले.
मोठ्यानं म्हटलं असतं तर रडले असते, मीच.

श्रावणात दोन मंगळवार आली नाही.
सिव्हिलमध्ये, सलाइन.
खाट रिकामी, तरी वाटी कोमट केली.
कशाला, ते मला विचारू नका.

परत आली तेव्हा आपणच म्हणाली,
एक थेंब. तळहातावर.
मी एकच टाकला.
तिनं तो खिडकीशी नेला, उन्हात तिरका धरला,
बराच वेळ,
मग मूठ मिटली.

काल तिच्या पाठीवर हात होते
आणि माझं पोट वाजलं,
मागांच्या वर ऐकू जाईल असं.
पालथीच, उशीत तोंड, तिनं विचारलं,
नरसम्मा, तुम्ही जेवलात का?
हो, म्हणाले.
खोटं, म्हणाली. मला येतं ते, तुमच्यापेक्षा चांगलं.

मग हात धुतले, डबा उघडला.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही.
ती स्टुलावर बसली.
बघत राहिली, कुठला तुकडा आधी,
बोट कुठं पुसते.
खाल्लं नाही तिनं.
उठून गेलीही नाही.

खाली पाळी बदलली, माग थांबले,
आणि तेवढ्या शांततेत
भाकरी इतकी कडकन मोडली
की ती दचकली,
आणि म्हणाली,
अजून एकदा मोडा.