समास

वाचनालयाने पाठवलेल्या अठ्ठावीस पुस्तकांत
हे एक नाव गळालेलं.
पहिली आठ पानं नाहीत, शेवटची चार नाहीत.
त्यामुळे कुणी लिहिलं ते कळत नाही
आणि शेवटी कोण उरलं तेही.

मधलं मात्र शाबूत.
दुसऱ्या अंकात शपथ,
तिसऱ्यात पाहुण्यांसाठी मांडलेली ताटं,
आणि पाचव्यात राजवाडा धुऊन काढायला
नोकरसुद्धा शिल्लक नाही.

मी खेतवाडीत बाइंडिंग करते, बाराव्या गल्लीत.
सरसाचा वास केसांतून जात नाही.
सहसा वाचत नाही मी. शिलाई उसवायची,
फर्मे सुटे करायचे, वर वजन ठेवायचं.
पण ह्याच्या समासात
दोन माणसं भांडत होती.

निळ्या शाईचं अक्षर, उजवीकडे कललेलं:
'बरोबर. असंच पाहिजे.'
त्याच्याखाली पेन्सिल, बारीक:
'आणि घरच्यांनी काय केलं होतं?'
पान एकसष्ट. निळी शाई:
'ना वकील, ना तारीख. एका रात्रीत निकाल.'
पेन्सिल: 'चुकीच्या माणसाचा.'
पान चौऱ्याहत्तर. निळी शाई, दोनदा गिरवून:
'तू कोण?'
पेन्सिल: 'ओळखलंयस तू.'

पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी.
सभासद एकशे बारा, सभासद तीनशे सात,
परत एकशे बारा.
एकोणीस वर्षं, आलटून पालटून, हेच पुस्तक.

ग्रंथपाल धुरूबाईंना फोन केला.
'अहो, ते चुरी आणि किणी.
चर्नी रोडला छापखाना होता दोघांचा.
एका सकाळी कुलूप बदललेलं, पाटीवर एकच नाव.
दिवाणी कोर्टात दावा लागला.
जज्ज बदलले, वकील वारले,
छापखान्याच्या जागी फरसाणवाला आला,
तरी ह्यांची तारीख पडतेच आहे.'
कुलूप कुणी बदललं?
'तेच तर ठरायचं होतं.'

सूड घेतात. न्याय देतात.
शाळेत हे कधी खटकलं नव्हतं.
घ्यायला आपला एक हात पुरतो.
द्यायला दुसरा कुणीतरी लागतो,
आणि तो जेवायला गेला असेल
तर बाकावर बसून राहायचं
पुस्तक वाचत.

राजांना बरं होतं. कोर्ट त्यांच्याच घरात.

समास शिकवताना पाताडे मास्तर म्हणायचे,
द्वंद्वात दोन्ही पदं तोलामोलाची.
एक काढा,
दुसरं नुसता शब्द उरतं.

पान एकशे चार. शत्रू झोपलेला.
दाराशी तो उभा, तलवार उपसून,
आणि तीन पानं बोलतोच आहे.
इथे निळी शाई गप्प.
पेन्सिल: 'मोठ्या खणातले टाइप मी वितळवले नाहीत.
तुझे तुला ठेवलेत.'
त्याच्याखाली निळा ठिपका.
टेकवून उचललेलं पेन असेल
किंवा नुसता डाग.

चिठ्ठीवर त्यानंतर फक्त तीनशे सात.
चार वेळा.
मग तेही नाही.

बांधून झालं की तिन्ही कडा
पाव इंच छाटायच्या, ही रीत.
दांडा ओढला की पुस्तक नव्यासारखं.
मी पट्टी लावून पाहिली.
पाव इंचात निळ्या अक्षरांची सगळी शेपटं जातात,
आणि पेन्सिलीचं 'तुला'.

पाच वाजता वीज गेली. आली.
दांड्यावरचा हात तसाच होता.

पुस्तक न छाटताच परत पाठवलं.
फळीवर ते ओळीच्या पुढे येतं म्हणे,
शेजारच्यांना लागतं.
धुरूबाईंनी बिलातून चाळीस रुपये कापले.
शेरा: कडा असमान.

मी दाद मागितली नाही.