जुळारी

ब्रसेल्स. गॅसच्या दिव्याखाली
लेओकादी कवितेचे खिळे जुळवते.
उलटे. तिला सगळं उलटंच वाचायची सवय.

पान नऊ : स्त्री म्हणजे सर्पिणी.
पान अकरा : सर्पिणीच, पण झोपलेली.
चौदाव्यावर ती मेलीय, आणि कवी म्हणतो
आत्ता कुठे सुंदर दिसतेस.
दुपारपर्यंत 'स'चा खण रिकामा.

कवी येतो मुद्रितं बघायला,
हातमोजे न काढता मालकाला विचारतो,
हिला कळतं का काही यातलं?
मालक हसतो. ती
त्याचा चुकलेला स्वल्पविराम
चिमट्यानं उचलून
जागेवर ठेवते.

पान वीस : तुझ्या ओठांत विष.
इथे मात्र थांबते.
जीभ फिरवते हिरडीवरून.
शिशाची निळी रेघ, सहा वर्षांची,
बहिणीच्या लग्नादिवशी
आरशात पहिल्यांदा दिसलेली.
खरंय की, म्हणते.
फक्त आलं कुठून
ते नाही लिहिलं.

मग डब्यातला पाव काढते,
परत ठेवते,
आणि खाण्याआधी, आज पहिल्यांदाच,
नळाखाली बोटं धरते.

पाणी बराच वेळ काळंच.