बारा की चौदा

खोर्लीच्या शेडमध्ये दोन्ही उपड्या घातलेल्या,
एक बारा फुटी, एक चौदा,
बूड परातीसारखं सपाट.
मिंगेल बोटाच्या पेरानं वाजवून दाखवतो.
पत्रा दोन्हींचा एकच. लाकूड नाही, कीड नाही,
दर मे महिन्यात फटींत काथ्या कोंबत बसणं नाही.
"होडी कोणाला?" विचारतो, माझ्या खांद्यावरून मागे बघत.
मागे फटू आहे, काठीवर रेललेला.
"तिला," फटू म्हणतो.

मी हिशेब घरूनच करून आले होते.
सुकतीला आमच्या बांधाखाली नुसता चिखल.
बारा फुटी मी एकटी ओढून नेईन.
मानशीचं दार मी सुंभानं मोजलंय, गाठ मारून:
बारा फुटीला दोन्हीकडे चार-चार बोटं राहतात,
चौदा फुटीला एकेक.
आणि वर नऊ हजार.
नऊ हजारांच्या तिसऱ्या किती, हे मी कमरेला विचारते,
बोटांवर मोजत नाही.

"सुलट्या कर," मी मिंगेलला म्हटलं, आणि जाऊन बसले.
कोरड्या जमिनीवर, वेल्डिंगच्या राखेत, होडीत बसलेली बाई.
पोरं हसली. हसू देत.
बारा फुटीत मी, दोन पाटल्या, फावडं, पेजेचा डबा.
भरली.
चौदा फुटीत तेवढंच सगळं,
आणि नाकाकडे एक मोकळी जागा,
मांडी घालून एक माणूस बसेल एवढी.

माडावरून पडल्याला चार वर्षं झाली.
तेव्हापासून फटू पाण्यावर आला नाही.
त्याची लाकडी होडी बांधावर पडून आहे,
तिच्यात शेजारची कोंबडी अंडी घालते.
कुंभारजुव्याच्या खाडीत मगर आहे हे शेंबड्या पोराला ठाऊक;
कुठल्या वळणावर, कुठल्या उन्हात ती तोंड उघडून पडते
ते फटूला ठाऊक.
मी आपली दरवेळी खारफुटीकडे बघत
पाटली भरते.

"बाराच घे," तो म्हणाला, "चौदा कशाला? मी काय येतोय?"
इतकं भराभर म्हणाला
की बसमध्येच पाठ करून ठेवलं असावं.

"तेराची होत नाही?" मी मिंगेलला विचारलं.
"पत्रा तसा येत नाही, बाय."

मग मी उगाच कडेवरून हात फिरवला,
सांधे तपासले, जणू मला त्यातलं कळतं.
कमरेची पिशवी सोडली.
पाच हजार आगाऊ, ओल्या वासाच्या नोटा.
"चौदा."

परतीच्या बसमध्ये फटू बोलला नाही.
माशेलच्या तिठ्यावर एकदाच:
"ओढणार कोण ती? तुझा बापूस?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.

तिन्हीसांजेला चूल पेटवत होते,
परसात काठीची टकटक ऐकू आली.
केळीच्या बुंध्यांवर तो काठी मारत होता,
एकेकाला कान लावून,
चिखलात होडीखाली कुठला घालायचा ते बघत.
"हे दोन चालतील," त्यानं आतल्या बाजूला ओरडून सांगितलं.
"ते कोपऱ्यातलं नको. त्याला अजून घड यायचाय."