तीट

उद्यमबागेत माझं दुकान. एका अंगाला फाउंड्री,
दुसऱ्या अंगाला लेथचे कारखाने.
हितली हवा म्हणजे बारीक लोखंड:
पांढऱ्या बॉनेटवर रात्रीत बसतं,
दवात भिजून सकाळी तांबूस ठिपके.
लोकांना वाटतं, कुणीतरी चहा शिंपडला.

त्यावरच माझं पोट.

गिऱ्हाईक येतं आणि एकच मागणं मागतं,
मराठीत, कानडीत, कधी दोन्हीची खिचडी करून:
गाडीला काही व्हायला नको,
आणि काही लावलंय असं दिसायला नको.

मकतूम उस्तादांच्या हाताखाली शिकलो, खडेबाजारात.
तेव्हा रेक्झिनचे जाड पट्टे होते,
दाराला रबर, बंपरला लोखंडी नळ्या.
गाडी वाचायची, पण दिसायची
प्लास्टर घातलेल्या नवरदेवासारखी.
उस्ताद म्हणायचे, "जीव वाचला न्हवं?
मग रूप कशाला पायजे गा?"

आता पारदर्शक फिल्म आलीय,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.
पाण्यात तान्ह्या बाळाच्या शाम्पूचे चार थेंब,
फवारा मारून फिल्म पसरायची,
मधलं पाणी कडेकडेला रेटत न्यायचं,
हीट गनची ऊब देत कोपरे वळवायचे
करंजीची कड दुमडावी तसे.
पातं धरायचं ते श्वास रोखून:
जरा जोर झाला, की थेट रंगावर रेघ.
वाचवायला गेलो आणि मीच ओरखडा काढला,
असं दोनदा झालंय. एकदा कबूल केलं.

सुलभा हुंदरे आल्या माघातल्या एका दुपारी.
वडगावच्या मागावरच्या साड्या भरून
एका आठवड्याला कोल्हापूर, दुसऱ्या आठवड्याला धारवाड.
गाडी नवी, मोरपंखी.
"निपाणीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या," म्हणाल्या,
"वाडं घासत जातंय दाराला.
जांबोटीकडं वळलं तर करवंदीच्या जाळ्या.
कायतरी कर की. पण रंग झाकू नको,
रंगासाठीच घेतलीय."

दोन दिवस लागले.
सगळं काचेसारखं बसलं, आणि शेवटी
डाव्या आरशाखाली तांदळाएवढा बुडबुडा.
सुईनं टोचला असता तर गेला असता.
सुई हातातच होती.

आई आठवली.
न्हाऊ घालून, पावडर लावून, भांग पाडून
वर काजळाचं बोट गालावर:
इतका वेळ खपून केलेलं रूप
स्वतःच्याच हातानं जरासं बिघडवायची.
"आता कसं नीट दिसतंय," म्हणायची.

सुई परत डबीत ठेवली.
बिलात तसं काही लिहिलं नाही.

तिसऱ्या महिन्यात त्या परत आल्या.
बॉनेटवर, नंबर प्लेटवर काळा रंग,
वाळून भेगाळलेला.
सीमेच्या अलीकडं झालं का पलीकडं, त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. हितं जन्मलेला माणूस
विचारत नाही; बादली भरून आणतो.

"साड्या वाचल्या," एवढंच बोलल्या.

ऊब दिली, कोपरा नखानं उचलला.
काळ्यासकट फिल्म निघत गेली,
सापानं कात टाकावी तशी, सावकाश,
आणि खालून मोरपंखी, शोरूममधून आला तसा.
शेजारची पोरं लेथ थांबवून बघायला आली.
प्लेट मात्र रॉकेलनं घासावी लागली.
तिला कोण फिल्म लावतंय.

"पुढं नवी लाव," म्हणाल्या.
मग डाव्या दाराशी गेल्या, वाकल्या,
आरशाखाली बोट ठेवलं.
"हितं हात लावू नको."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. दुसऱ्या रेल्वे गेटला उभी होते,
मालगाडी काही संपंना.
लई चिडले होते तुझ्यावर."

मी बॉनेटची मापं घ्यायला लागलो.
बाहेर फाउंड्रीचा भोंगा झाला.
पोराला म्हटलं, शटर ओढ लवकर,
ओल्या फिल्मखाली कण अडकला
तर मग तो जन्माचा.