परतीच्या बशा

यंदा आमच्या दारात चांदणी नाही.
कार्लिनमाय ऑगस्टात गेली,
वर्षभर घरात गोडाधोडाची कढई चढवायची नाही, अशी रीत.
उभादांड्याची सगळी वाडी म्हणाली, बिचारी.
मीही मान खाली घातली
आणि मनातल्या मनात मोजलं:
दोदोलाचे दहा नारळ खवायचे नाहीत,
दोनशे नेवऱ्यांची तोंडं मुडपायची नाहीत,
काट्यावर कुलकुलं वळताना
नणंदेच्या तोंडून कुवेत ऐकायचं नाही.

देवा, क्षमा कर.
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच
डिसेंबरात माझी पाठ दुखली नाही.

बाकीच्यांचं चालूच आहे.
समोरच्या सांतानने ब्रिटोंच्या चांदणीपेक्षा
हातभर मोठी चांदणी बांधली.
बांबू चढवताना विजेची तार तुटली.
वाडी दोन रात्री अंधारात,
पण मोठी चांदणी त्याचीच.
रस्त्यावर पुण्याच्या गाड्या एकामागे एक,
काच खाली करून कुणी विचारतं,
काकी, इथे सुरमई थाळी स्वस्त कुठे?
स्वस्त, डिसेंबरात, वेंगुर्ल्यात.
मी बंदराकडे बोट दाखवते
आणि आत येऊन एकटीच हसते.

मग ओफेलियाचा फोन.
वहिनी, आम्ही तेवीसला पोचतो,
दुखवटा आहे, तू काही म्हणजे काही करू नकोस,
फक्त थोडं सोरपोतेल, मुलांना सवय आहे ना.
‘फक्त’ हा शब्द आमच्या घरात
नेहमी तीन किलोचा असतो.

ती येते. सोफ्यावर बसते.
एल्टनचं अजून कुठे काही झालं नाही? असं विचारते,
मग वर छताच्या ओलीकडे बघते
आणि काहीच बोलत नाही.
ते न बोललेलं
मला जानेवारीभर ऐकू येतं.

नाताळच्या सकाळी बशा आल्या.
एरवी मी पाठवायचे, सव्वीस घरं.
माय खाटेवरून हिशेब सांगायची:
‘नार्वेकारांक आठ, तेंनी चवथीक मोदक आठच धाडलेले.
सांतानाक पाच पुरे,
तेची बायल मिसाक सरकूक नाय.’
मी म्हणायचे, मायगे, देवाचा वाढदिवस आणि तुझं हे काय?
ती म्हणायची, देवाक म्हायत आसा.

या वर्षी सगळं उलट.
क्रोशाच्या जाळ्या झाकून बशा येत राहिल्या,
टेबल भरलं, मग शिलाई मशीनचं झाकण,
मग फ्रिजचं डोकं.
मठकर वहिनींनी चकल्या दिल्या,
तुमचा सण, हात रिकामा कसा यायचा, म्हणाल्या.

दुपारी सगळे झोपल्यावर
मी सांतानकडचा दोदोल तोंडात टाकला.
खालून लागलाय, मी मोठ्यानं म्हटलं.
खाटेकडून उत्तर आलं नाही.
खाट आता तिथे नाहीच,
तिथे ओफेलियाच्या तीन बॅगा आहेत.
मी तो करपट तुकडा
बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

आता राहिल्या बशा.
रिकामी बशी परत करायची नसते.
साखर घालावी, तर ते गोडच झालं.
लिंबाला या वर्षी लिंबू नाही.
शेवटी शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ घेतलं,
प्रत्येक बशीत मूठभर,
आणि उन्हं उतरल्यावर निघाले.

नार्वेकरांनी बशी कपाळाला लावली.
मठकर वहिनी म्हणाल्या, बरं झालं, संपलंच होतं.
सांतानची बायको बशीत बघत राहिली.
ह्या काय गो?
मीठ, मी म्हटलं.
दोदोलात चिमटीभर घालूचा लागता.
आणि हात थांबवचो नाय, करपता.

ती हसली नाही.
मीही नाही.
फाटकाशी आले तेव्हा
वर ती हातभर मोठी चांदणी लागली होती,
एका बाजूने जरा कललेली,
आणि माझ्या तोंडात, कुणी न विचारता,
हिशेब तयार होता:
फुडल्या वर्सा तिका चारच.