नाडी

रॉलिन्सच्या बाहेर, सेजब्रशच्या माळावर,
शनिवारी सकाळी आम्ही सहा जण ओळीत.
डावीकडे ट्रक चालवणारा, उजवीकडे शाळेतला संगीतमास्तर,
मी औषधांच्या दुकानातली. फेब्रुवारीत
काउंटरवर एकानं सुरा ठेवला होता, बाटल्यांशेजारी,
अगदी हळू, सुट्टे पैसे ठेवावेत तसा.
त्याबद्दल मी इथे जास्त बोलत नाही.

वर्ना टॅलबटनं शेरीफच्या खात्यात तेहतीस वर्षं काढलीत.
तिचा आवाज वाऱ्यानं उडून जात नाही.
"बाहेर काढतानाची घाई मला कळते," ती म्हणते,
"आत ठेवताना कुठली गाडी चुकतेय तुमची?"

काढणं दुपारपर्यंत जमलं.
डाव्या हातानं जाकीट वर, उजवा मुठीवर घट्ट,
सरळ वर, दोन हात छातीपाशी भेटतात, मग पुढे.
आणि तर्जनी बाहेर, लांब, पोलादाच्या अंगाला लागून.
हाताची घडी, तोंडावर बोट:
कुरुंदवाडच्या शाळेत पाठकबाईंनी शिकवलेलं
ते बोट अजून ऐकतं, याचं मलाच नवल.

ठेवणं मात्र.
चापाला आमच्यात घोडाही म्हणतात, मी वर्नाला सांगितलं.
ती हसली. कुंपणापलीकडे तिचे दोन उभे होते,
वाऱ्याकडे पाठ करून.
"मग तुला ठाऊकच आहे," म्हणाली,
"त्याला काय, कशाचाही स्पर्श म्हणजे टाचच."

चौथ्या खेपेला
पिस्तूल छातीशी, डावा तळवा पोटावर सपाट,
कागदाचा माणूस समोर फडफडतोय, मला वाटलं झालंच आता,
आणि म्यानाच्या तोंडाशी काहीतरी नको म्हणालं.
केवढंसं. भरलेल्या बॅगेत शेवटची साडी नको म्हणते, तेवढंच.
आणि बॅगेचं आपण काय करतो?
वर बसतो.

"थांब," वर्ना. आवाज न चढवता.
"ढकलू नकोस. वर घे. बघ."

बघितलं.
विंडचीटरची नाडी, टोकाला प्लास्टिकचा मणी,
आत वळलेली, घोड्याच्या वाटेवर.
बोट बाजूला होतं माझं. सगळा वेळ बाजूलाच होतं.
मग दुसरी नाडी ऐकू यायला लागली,
मनगटात, कानात, दातांच्या मुळाशी.
संगीतमास्तर उगाच आपले बूट बघत राहिला.

पाचव्यांदा मी मान खाली घालून ठेवलं,
सुईत दोरा घालतात तसं. वर्ना काही बोलली नाही.

रात्री सगळी जाकिटं पलंगावर काढली.
उपेंद्र म्हणाला, काय शिकलीस?
ठेवायला, म्हटलं.
माझ्या तीन नाड्या कापल्या, त्याच्या दोन.
नीरजची हुडी त्याच्या अंगावरच, सोफ्यावर झोपलेला.
तीही कापली, गळ्याजवळ, त्याचे श्वास मोजत,
कात्रीचं टोक सतत माझ्याकडे.

बाहेर वारा. टेबलावर सहा नाड्या, मण्यांसकट.
कात्री मिटायच्या आधी
मी पुन्हा एकदा खाली बघितलं.