बावीस नंबरचं पान

सरांनी सांगितलं, टॅरोच्या कॅटमध्ये एक पान वाढवा.
विषय : कॉलेज आणि दोस्ती.
चार रंग, जाड कागद, सोमवारी सबमिशन.

मी आधी हात काढले, एकावर एक ठेवलेले चार.
निलोफर म्हणाली, सहकारी बँकेचं कॅलेंडर.
मग गोदाघाट, दिवे, पाण्यात हलणारी देवळं.
हे पर्यटन खात्याला दे, म्हणाला यशोधन.
मग द्राक्षाचा घड, मण्यामण्यात एकेकाचा चेहरा.
त्याच्याकडे आम्ही तिघं बराच वेळ गंभीरपणे बघत राहिलो
आणि मग असे हसलो
की लायब्ररीतून आमची वरात बाहेर.

जुन्या पानांवर काय एकेकाचा रुबाब!
सम्राट, जादूगार, वीज पडलेला मनोरा,
कड्याच्या टोकावर पाय उचललेला तो येडा
आणि त्याच्या पायाशी कुत्रं.
आमच्याकडे कुत्रं तेवढं आहे.
कॉलेज रोडला, झेरॉक्सच्या पायरीवर झोपलेलं,
नाव एक्स्टर्नल,
कारण ते वर्षातून एकदा उठतं
आणि कुणाकडेही न बघता निघून जातं.

शेवटी मी टेबल काढलं.
कॅन्टीनमधलं, खिडकीजवळचं, एक पाय आखूड असलेलं.
पहिल्या वर्षी त्या पायाखाली काडेपेटी होती.
मग निलोफरची फी भरल्याची पावती
(ती पुढे लागली, आणि टेबल उचलून काढावी लागली).
मग जयेशचं हॉलतिकीट, आठ घड्या घालून,
ज्या पेपरला तो बसलाच नाही.

जयेश भोये, सुरगाण्याचा.
आमच्यात खरं चित्र त्याला एकट्याला यायचं.
दुसऱ्या वर्षाच्या मध्येच अंबडला लागला,
पॅकिंगला, रात्रपाळी.
आम्ही म्हणालो, येत जा रे.
तो म्हणाला, येतो ना.
आणि यायचा. हेच तर सांगायचंय मला,
की तो यायचा.
सकाळी आठला, पाळी सुटली की, लाल डोळ्यांनी.
मिसळीचा रस्सा तिसऱ्यांदा मागायचा,
रंजनाताई वाढता वाढता म्हणायच्या, मेल्या, पोटात विहीर आहे का,
आणि तो आमच्या कागदांवर पेन्सिलीने
बारीक बारीक खुणा करत जायचा.

तर टेबल. चार खुर्च्या. कुणीच बसलेलं नाही.
मागे सपाट पिवळा,
तिवंध्याच्या रहाडीतला,
धप्पा मारल्यावर आठवडाभर कानामागे उरतो तो.
खाली नाव लिहायची जागा कोरी,
कारण नावावर अजून भांडण चालू आहे.

पान सरळ आलं तर अर्थ :
तुमचे पैसे कुणीतरी आधीच देऊन गेलंय,
विचारू नका कुणी.
उलटं आलं तर :
पाय वर, ग्लास आडवे,
आखूड पाय कुठला ते आता लपत नाही,
घडीचा कागद निसटून पडलेला.
उचला आणि उलगडा.

रविवारी रात्री त्याला फोटो पाठवला.
सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी उत्तर :
सावली चुकली. खिडकी पूर्वेला आहे.
ऊन टेबलावरून दाराकडे जातं.

आम्ही तिघं दुपारीच बसायचो तिथे.
तीन वर्षांत आमच्यातल्या एकानेही
ते टेबल त्याच्या वेळेला नीट बघितलं नव्हतं.

अकरापर्यंत सावल्या खोडल्या, पुन्हा घातल्या.
सर म्हणाले, प्रतीक स्पष्ट नाही. दहापैकी साडेसहा.
आणि सकाळचंच ऊन का?

मी काही बोलले नाही.

चुकलेल्या सावलीचा प्रिंट उरला होता.
जाड कागद, घडी बसेना,
यशोधनने वर बसून ती बसवली.
निलोफरने टेबल उचललं, मी पान सरकवलं.

अजून जरासं डुगडुगतं.
पण चहा सांडत नाही.